रूळ आधी, इंजिन नंतर : एचओ प्रमाणाच्या सुरुवातीच्या रेल्वे-संचाचे परीक्षण

सहा वर्षांच्या मुलीसाठी घेतलेल्या, विजेवर चालणाऱ्या एका एचओ प्रमाणाच्या (म्हणजे खऱ्या गाडीपेक्षा ८७ पट लहान) रेल्वे-संचाचे हे परीक्षण मी संच घरी येऊन आठ महिने झाल्यावर लिहीत आहे. खोके उघडले त्याच दिवशी लिहिले असते तर त्यात इंजिनाचे कौतुक अधिक आले असते. आता इंजिनाविषयी थोडक्यात सांगून भागते आणि रुळांविषयी मात्र कितीही सांगितले तरी काहीतरी राहतेच. कंपनीचे नाव मुद्दाम दिलेले नाही. असे संच अनेक कंपन्या बनवतात, त्यांच्यातील फरक बहुधा रंगाचे आणि इंजिनाच्या बाह्यरूपाचे असतात, आणि पुढे आलेल्या बहुतेक गोष्टी त्यांपैकी कोणत्याही संचाला लावून पाहता येतील.

खोक्यात वाफेच्या इंजिनाच्या रूपातले, तीन आसांचे एक छोटे इंजिन होते (आत अर्थातच विजेची मोटर), मालगाडीचे तीन डबे होते, प्रत्येकी ३० अंशांचे १२ वक्र रूळ आणि २३ से.मी. लांबीचे चार सरळ रूळ होते, आणि त्यांखेरीज गाडी रुळावर चढवण्यासाठी प्लास्टिकची एक उतरती पट्टी, कंट्रोलर, अडॅप्टर, थोडी सजावट व चित्रांची एक पुस्तिका होती. वक्र रुळांची त्रिज्या ४२ से.मी. आहे, १२ जोडले की वर्तुळ पुरे होते आणि चार सरळ रूळ दोन्ही बाजूंना घातले की लंबगोल तयार होतो. कडेची मोकळी जागा धरून या लंबगोलाला सुमारे दीड मीटर लांब आणि एक मीटर रुंद सपाट जागा लागते. ही माहिती खोक्यावर कोठेही छापलेली नाही, आणि ही माझी पहिली तक्रार आहे. खोके काखेत मावते म्हणून गाडी टेबलावर मावेल असे वाटते. आमच्या टेबलावर ती मावली नाही. पहिला दिवस जमिनीवर गेला, तोही गालिच्यावर, आणि गालिच्याचे तंतू इंजिनाच्या आसांभोवती इतके घट्ट गुंडाळले गेले की संध्याकाळी चिमट्याने एकेक ओढून काढावे लागले. दुसऱ्या दिवशी आम्ही १२ मि.मी. जाडीची प्लायवुडची फळी आणली, तिच्या कडा घासून गुळगुळीत केल्या, आणि तेव्हापासून सगळा कारभार त्या फळीवर चालतो. काम संपले की फळी भिंतीला टेकून उभी राहते.

फळी उभी करायची म्हणजे रूळ रोज काढायचे. ही सुरुवातीला अडचण वाटली होती. पुढे लक्षात आले की आमच्या मुलीला गाडी चालवण्यापेक्षा रूळ जोडण्यातच अधिक रस आहे, आणि ज्या दिवशी काल केलेली मांडणी तशीच ठेवली त्या दिवशी तिने गाडी दोनदा फिरवून सोडून दिली. मोठ्यांच्या छंदात रूळ एकदा ठोकून, खडी चिकटवून, डोंगर उभे करून मांडणी कायमची केली जाते, आणि तेच ध्येय मानले जाते. लहान मुलाबरोबर काम करायचे असेल तर हे ध्येय बाजूला ठेवावे, असे माझे स्पष्ट मत झाले आहे. म्हणून या संचाची कसोटी मी एकाच प्रश्नावर लावली : लहान हातांनी रोज जोडलेला आणि रोज काढलेला हा रूळ किती दिवस टिकतो?

रूळ दोन प्रकारचे मिळतात. एक नुसत्या स्लीपरांवर (रुळांखालच्या आडव्या पट्ट्यांवर) बसवलेला, खाली काही नसलेला. दुसरा खडीच्या आकाराच्या प्लास्टिकच्या बैठकीवर कायम बसवलेला, ज्याच्या टोकांना एकमेकांत अडकणाऱ्या जिभा असतात. या संचातला रूळ दुसऱ्या प्रकारचा आहे आणि मुलांसाठी तोच घ्यावा, यात मला शंका नाही. पहिल्या प्रकारात दोन रुळांना धरून ठेवण्याचे काम फक्त धातूची बारीक जोडपट्टी करते, ती वाकली की संपले. दुसऱ्या प्रकारात पट्टी वीज पोहोचवते आणि ओढाताण प्लास्टिकच्या जिभा सोसतात. तरीही जोड चुकतो. एका बाजूची जोडपट्टी शेजारच्या रुळाखाली सरकण्याऐवजी त्याच्यावर चढून बसते, वरून सारे ठीक दिसते, आणि गाडी नेमकी तेथे उडी मारते. पहिल्या आठवड्यात इंजिन रुळावरून घसरले की मी वाकून, डोळे बारीक करून दोष शोधत असे. मुलीने त्यावर आपली युक्ती काढली. ती प्रत्येक जोडावरून अंगठ्याचे नख हळूच पुढे नेते, मग मागे आणते, आणि ज्या जोडाला नख अडते तो उघडून पुन्हा बसवते. “नखाला टोचलं तर चाकालाही टोचणार ना, आई?” असे तिने मला समजावून सांगितले. आमच्या लंबगोलात १६ जोड आहेत, प्रत्येकात दोन पट्ट्या. ती ३२ वेळा नख फिरवते आणि एकही सोडत नाही. गाडी घसरण्याचे प्रमाण त्यानंतर जवळजवळ नाहीसे झाले.

आठ महिन्यांत हे रूळ दीडशे वेळा तरी जोडले-काढले गेले असतील. हिशोब असा : दोन वक्र रुळांची एकेक जीभ तुटली, पण दुसरी शाबूत असल्याने ते अजून वापरात आहेत, चार-पाच जोडपट्ट्या सैल झाल्या, त्या मी पक्कडीने अलगद दाबून पुन्हा घट्ट केल्या, सरळ रुळांपैकी एकावर पाय पडला आणि त्याला काही झाले नाही. एवढ्या वापराला हा हिशोब चांगलाच म्हणायला हवा. जिभा तुटल्या त्या जोडताना तुटल्या नाहीत, काढताना तुटल्या. मुले रूळ वर उचलून मोडल्यासारखे काढतात. तो फळीवर सपाट ठेवून सरळ रेषेत ओढायचा असतो. पुस्तिकेत जोडण्याची चार चित्रे आहेत आणि काढण्याचे एकही नाही.

सैल जोडांचा आणखी एक परिणाम उशिरा कळला. कंट्रोलरची तार एकाच रुळाला जोडलेली असते, आणि तेथून वीज जोडामागून जोड ओलांडत पुढे जाते. प्रत्येक जोड तिला थोडा विरोध करतो. मांडणी मोठी झाली तेव्हा तारेजवळ गाडी पळायची आणि समोरच्या टोकाला रांगायची. मुलीच्या मते तेथे चढ होता. प्रत्यक्षात तारांची दुसरी जोडी त्या टोकाच्या रुळाला लावताच चढ नाहीसा झाला. लावताना आतला रूळ आतल्याशी आणि बाहेरचा बाहेरच्याशीच जोडला जाईल एवढे मात्र पाहावे लागते.

प्रमाणाच्या निवडीविषयी थोडेसे. एचओ म्हणजे मूळच्या वस्तूपेक्षा ८७ पट लहान. रुळांतील अंतर १६.५ मि.मी. असते, आणि १,४३५ मि.मी. या जगात बऱ्याच ठिकाणी रूढ असलेल्या प्रमाण गेजला ८७ने भागले की हेच उत्तर येते. जागेची चणचण असलेल्यांना एन प्रमाणाचा मोह होतो, कारण तेथे सारे १६० पट लहान, रूळ ९ मि.मी. अंतराचे आणि वळणे २५ से.मी.हूनही कमी त्रिज्येपर्यंत खाली येतात. आमची अर्धी फळी पुरली असती. परंतु परिचितांच्या घरी मुलीला एनचा एक डबा रुळावर ठेवायला दिला तेव्हा तीन चाके रुळावर आणि चौथे बाहेर, असे दहा मिनिटे चालले आणि शेवटी तिने डबा परत दिला. उलट ३२ मि.मी. रुळांचे ओ प्रमाण हाताला उत्तम, पण त्याला खोलीच द्यावी लागते. सहा ते आठ वर्षांच्या मुलांसाठी एचओ हीच मधली जागा आहे. ब्रिटनमधील ओओ प्रमाणाचे डबे ७६ पट लहान असूनही याच १६.५ मि.मी. रुळांवर चालतात, त्यामुळे कोणाकडून उसने आलेले डबे आपल्या डब्यांहून थोडे थोराड दिसले तर गोंधळून जाऊ नये.

येथे एक सावधगिरीची सूचना. चाके जुळतात याचा अर्थ रूळ जुळतात असा नाही. रुळांतील अंतर तेच असले तरी प्रत्येक कंपनीची प्लास्टिकची बैठक, तिची उंची आणि तिच्या जिभा वेगळ्या असतात, आणि एकदा एक पद्धत घेतली की पुढचे सारे रूळ तिचेच घ्यावे लागतात. यात नवे काही नाही. जर्मनीतील मार्कलिन कंपनीने १८९१ साली लाइपझिगच्या जत्रेत ठरावीक गेजच्या रुळांची, नंतर भर घालत जाता येईल अशी खेळण्यांची रेल्वे मांडली, तेव्हापासून खोके म्हणजे पहिला हप्ता हे ठरलेलेच आहे. म्हणून संच निवडताना इंजिनाचे चित्र पाहण्याआधी त्या कंपनीचे सुटे सांधे (गाडी एका मार्गावरून दुसऱ्यावर वळवणारे रूळ), सुटे वक्र रूळ आणि अर्ध्या लांबीचे तुकडे सहज मिळतात का हे पाहावे. आमच्या संचाच्या बाबतीत ते मिळतात; ही त्याची मोठी जमेची बाजू आहे.

कंट्रोलर साधा आहे. मध्ये शून्य, कळ उजवीकडे फिरवली की गाडी एका दिशेने, डावीकडे फिरवली की दुसऱ्या दिशेने, आणि रुळांत जास्तीत जास्त १२ व्होल्टची एकदिश वीज. रुळाला हात लागला तरी काही होत नाही. अडॅप्टर सॉकेटमध्ये लावणे-काढणे एवढे काम मात्र मी माझ्याकडे ठेवले आहे. दोष असा की कळ एक-तृतीयांश फिरेपर्यंत काहीच घडत नाही आणि मग इंजिन एकदम झेप घेते. मोठे माणूस ती जागा ओळखून हात आवरते. मूल आवरत नाही. पहिले काही दिवस गाडी फक्त पूर्ण वेगात धावली आणि वळणावर कलंडली. आम्ही रागावण्याऐवजी घड्याळ घेतले. लंबगोलाची एक फेरी सुमारे ३५६ से.मी. भरते. पूर्ण वेगात ती सहा सेकंदांत संपत होती. ८७ने गुणले तर ही मालगाडी ताशी १८५ कि.मी.च्या आसपास जात होती. ताशी ६० कि.मी. वेग हवा असेल तर एचओमध्ये सेकंदाला १९ से.मी. जायला हवे, म्हणजे एका फेरीला जवळजवळ १९ सेकंद लागायला हवेत. तेव्हापासून मुलगी एक ते एकोणीस मोजत गाडी चालवते. एकोणीसच्या आत गाडी परत आली तर “घाई झाली” म्हणून कळ मागे घेते, आणि पंचविसाच्या पुढे गेली तर पुढे जाऊन सिग्नल लाल आहे का ते पाहते. कंट्रोलरच्या कळीभोवती कागदाची एक चकती चिकटवून तिने तेथे हिरवी रेघ ओढली आहे. ही चकती कंपनीनेच दिली असती तर बरे झाले असते.

याच संचाची डिजिटल आवृत्तीही मिळते, ज्यात प्रत्येक इंजिनात एक डिकोडर (कंट्रोलरचा हुकूम ओळखणारा छोटा भाग) आणि त्याला एक क्रमांक असतो, आणि एकाच रुळावर दोन इंजिने वेगवेगळी चालवता येतात. एक इंजिन असलेल्या घराला तिचा उपयोग नाही. कळ फिरवली की वेग वाढतो आणि विजेची टोके (धन आणि ऋण) उलटली की दिशा उलटते, हे लहान मुलाच्या हाताला साध्या प्रकारातच थेट कळते. बटणांच्या मागे ते झाकले जाते.

इंजिन ठीक आहे. दिसायला सुबक, एका आसाच्या चाकांना पकडीसाठी रबराची कडी, आवाज थोडा घोगरा. त्याच्या बाजूच्या पायऱ्या आणि पकडदांडे पहिल्या महिन्यातच तुटले, कारण मूल इंजिन उचलते ते नेमके तेथेच धरून. डबे जोडणाऱ्या मोठ्या कड्या जाणकारांना ओबडधोबड वाटतात, पण डब्याला डबा टेकवला की त्या आपोआप अडकतात. मुलांसाठी याहून चांगले कप्लिंग मला ठाऊक नाही. खरा दोष इंजिनाच्या आखूडपणात आहे. सांध्याच्या मध्यभागी, जेथे दोन रूळ एकमेकांना छेदतात, तो भाग प्लास्टिकचा आहे आणि त्यात वीज नसते. लांब इंजिनाची काही चाके तेव्हा पुढच्या किंवा मागच्या रुळावर असतात. हे छोटे इंजिन सावकाश गेले तर तेथेच अडते आणि बोटाने ढकलावे लागते. म्हणजे मुलीला ज्या एकोणीस आकड्यांची सवय लावली तीच सांध्यावर आड येते. दुसरे इंजिन कधी घेतलेच तर ते अधिक चाकांतून वीज घेणारे असेल.

सांध्यांचा पूरक संच आम्ही तिसऱ्या महिन्यात घेतला. त्यात एक डावा आणि एक उजवा सांधा, आणि काही वक्र व सरळ रूळ येतात. सांधे हाताने बदलायचे आहेत आणि ते तसेच हवेत. विजेवर चालणारे सांधे घेतले तर घरातला सांधेवाला बेकार होतो. पुस्तिकेप्रमाणे दोन सांध्यांमध्ये बाजूचा मार्ग काढून तेथे डबे सोडण्याचा खेळ तीन आठवडे रंगला. मग मुलीने विचारले, की गाडी फिरून तोंड उलटे करून का येत नाही. तिने लंबगोल थोडा लांब केला, खालच्या बाजूच्या सांध्यातून एक रूळ तिरपा वर नेला आणि वरच्या बाजूला जोडला. मांडणी डोळ्यांना अगदी बरोबर दिसत होती. मी अडॅप्टर लावला, कळ फिरवली, कंट्रोलरचा लाल दिवा लागला आणि इंजिन जागचे हलले नाही. तार तपासली, जोड तपासले, नख फिरवून झाले, दिवा लालच.

शेवटी आम्ही वही घेतली. मुलीने मांडणीचे चित्र काढले आणि कंट्रोलरच्या एका तारेपासून निघालेला रूळ लाल पेन्सिलीने, दुसऱ्या तारेचा निळ्या पेन्सिलीने रंगवत निघाली. नियम एकच, पेन्सिल न उचलता रुळाच्या बाजूने चालत राहायचे. लंबगोलाचा बाहेरचा रूळ लाल झाला, आतला निळा. तिरप्या रुळावर ती लाल पेन्सिल घेऊन खालून चढली, वर पोहोचली आणि थांबली, कारण जेथे तिचा लाल रूळ जाऊन मिळत होता तेथे आधीच निळा रंग होता. दोन रुळांच्या पद्धतीत गाडीचे तोंड फिरवणारा कोणताही मार्ग असाच विजेच्या विरुद्ध टोकाला येऊन भिडतो आणि शॉर्ट सर्किट होते. उपाय आहे : त्या तुकड्याच्या दोन्ही टोकांना धातूऐवजी प्लास्टिकच्या जोडपट्ट्या घालून तो विजेने वेगळा करायचा आणि गाडी त्यावर असताना स्विचने बाकीच्या मार्गाची विजेची टोके उलटायची. मार्कलिनच्या एचओ पद्धतीत हा प्रश्न उद्भवतच नाही, कारण तेथे दोन्ही रूळ विजेच्या एकाच टोकाला जोडलेले असतात आणि दुसरे टोक स्लीपरांच्या मधल्या बारीक बिंदूंमधून इंजिनाखालच्या पट्टीला मिळते. गाडी फिरवण्याचा हट्ट धरणारे मूल घरात असेल तर संच घेण्यापूर्वीच याचा विचार करावा. आमच्या संचाच्या पुस्तिकेत या धोक्याची एक ओळ आहे, शेवटच्या पानावर, बारीक अक्षरांत, विल्हेवाटीच्या सूचनांखाली.

पुलाचा पूरक संच मात्र घेऊ नये. आम्ही घेतला, तो नाकापेक्षा मोती जड ठरला. वरच्या रुळाखालून गाडी जायची तर ७ से.मी. उंची हवी. चढण शेकडा ३ ठेवायची म्हटले तर एवढ्या उंचीसाठी दोन मीटर ३३ से.मी. लांबीचा रूळ लागतो, आणि उतरायला पुन्हा तेवढाच; आमचा सगळा लंबगोल साडेतीन मीटरचा. पूरक संचातले खांब हीच उंची आठ रुळांत गाठतात, म्हणजे चढण शेकडा ४ होते, आणि तीही वळणावर. एक डबा घेऊन इंजिन चढले. तीन डबे घेऊन ते मध्यावर उभे राहिले आणि चाके जागच्या जागी फिरत राहिली. आता ते खांब कागदाच्या धरणाला आधार देण्याच्या कामी येतात. पूल हवाच असेल तर रूळ वर न नेता जमीन खाली न्यावी : फळीवर दाट फोमच्या दोन पाट्या ठेवून वर रूळ मांडावेत आणि दोन पाट्यांमध्ये फट सोडून तेथे नदी करावी. गाडी सपाटीवरच चालते आणि पूल खराखुरा दिसतो. एवढेच, की काही गोंदांनी असा फोम विरघळतो. पाण्यात मिसळणारा सुतारकामाचा पांढरा गोंद चालतो.

संचाबरोबर आलेली सजावट, म्हणजे चार झाडे आणि पुठ्ठ्याचे एक स्टेशन, कामचलाऊ आहे आणि तिच्याविषयी अधिक लिहिण्यासारखे नाही. आम्ही फलाट स्वतः बनवला. तो रुळाच्या किती जवळ ठेवायचा हे ठरवण्यासाठी सर्वांत लांब डब्याच्या दोन्ही बाजूंना, मध्यावर आणि टोकांना, पेन्सिलीचे तुकडे टेपने चिकटवले आणि डबा हाताने हळूहळू ढकलला. सरळ मार्गावर रेघा समांतर उमटल्या. वळणावर आल्या तशा आतली रेघ आणखी आत आणि बाहेरची आणखी बाहेर सरकली, कारण वळणावर डब्याचे पोट आत येते आणि टोके बाहेर जातात. खऱ्या मुख्य मार्गांवर वळणाची त्रिज्या शेकडो मीटर असते आणि आमचे वळण ८७ने गुणूनही ३६-३७ मीटरच भरते, म्हणून हा फुगवटा येथे इतका ठळक दिसतो. ज्या जागेला रेघ शिवली तेथे काही ठेवायचे नाही, हा नियम मुलीने स्वतःच केला आणि माझ्या चहाच्या कपालाही लावला. फलाटावर माणसे हवी होती. तिची उंची ११५ से.मी.; भागून १३ मि.मी. आली. जाड कागदातून तेवढी एक मुलगी कापली, लाल फ्रॉक रंगवला आणि फलाटाच्या कडेपासून मागे उभी केली. शेजारी मी १८ मि.मी.ची आहे. तिच्या खेळण्यांतला हत्ती मात्र या हिशोबात सात मीटर उंच ठरला, तेव्हा त्याला फळीखाली राहावे लागते.

खडी पसरून चिकटवण्याचा पूरक संचही मिळतो. पांढऱ्या गोंदात पाणी आणि भांडी घासण्याच्या द्रव साबणाचा एक थेंब घालून तो ड्रॉपरने सोडला की साबणामुळे मिश्रण खडीत मुरते आणि काम फार सुंदर होते. पण मग रूळ निघत नाहीत. आम्ही तो परत केला.

देखभाल थोडी आहे, पण टाळता येत नाही. दोन-तीन आठवड्यांनी रुळांवर काळी पुटे धरतात, इंजिन अडखळू लागते आणि मूल संच बिघडला असे जाहीर करते. मऊ कापडावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन रुळाचा माथा पुसावा, इंजिनाची चाकेही पुसावीत. हे काम मोठ्यांनी खिडकी उघडी ठेवून करावे. पॉलिशपेपर वापरू नये, त्याच्या बारीक ओरखड्यांत मळ आणखी लवकर बसतो. रूळ निकेल सिल्व्हरचे आहेत, ज्यात नावापुरतीही चांदी नसते, फक्त तांबे, निकेल आणि जस्त. परंतु पितळी रुळांच्या मानाने ते पुष्कळ बरे. फळीवर खिळे, टाचण्या किंवा लोखंडी कीस पडू देऊ नये, कारण मोटरीतले चुंबक तो ओढून घेते. घरात तीन वर्षांखालील मूल असेल तर जोडपट्ट्या, रबरी कड्या आणि तुटलेले पकडदांडे यांसाठी झाकणाची डबी ठेवावी.

संच घ्यावा का, असे विचारले तर घ्यावा असेच मी म्हणेन, पण खोक्यातील गोष्टींच्या भरवशावर नव्हे. त्याच्याबरोबर फळी, सांध्यांची एक जोडी, चार जादा सरळ रूळ आणि तारांची दुसरी जोडी धरूनच खर्चाचा विचार करावा, आणि दुसऱ्या इंजिनाचा मोह निदान वर्षभर आवरावा. पुस्तिकेतल्या सहाही मांडण्या आमच्या करून झाल्या. सातवी मुलीच्या वहीत आहे : स्टेशनात तीन मार्ग, एक बंद टोकाचा फाटा, आणि सगळे रूळ लाल-निळे रंगवून तपासलेले, कोठेही रंग रंगाला न भिडणारे. तिला आणखी दोन डावे सांधे लागतात. सांधे सुटे मिळत असले तरी सध्या दुकानात फक्त जोडी शिल्लक आहे, एक डावा आणि एक उजवा, आणि तिला उजवा नको आहे.